गरीची काठी घरच्या घरी (आधी बांबू वाळू दे, मग बाकीचं)

दरवर्षी मे महिन्यात कोणीतरी विचारतंच, काका तुमच्यासारखी बांबूची काठी करायचीय, रविवारी येऊ का, दिवसभरात होईल ना? नाही होणार बाबा. बांबू तोडल्यापासून पहिला मासा लागेपर्यंत माझ्या हिशोबाने पाच महिने जातात, त्यात हात लावायचं काम असेल आठ-दहा दिवसांचं, बाकी सगळं थांबणं. आणि काठी बिघडते ती त्या थांबायच्या दिवसांत घाई केली म्हणूनच, सुरी-कानस चालवताना क्वचित. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी विचारलं की हे वाचायला देईन.

मी कर्ली खाडीच्या काठचा, सात-आठ वर्षांचा असल्यापासून गरवतोय, म्हणजे गरीने मासे धरतोय. तेव्हा काठी म्हणजे बांबूच्या बेटातून ओढून काढलेली एक कांब, शेंड्याला तंगूस (नायलॉनची बारीक दोरी), एक गरी, एक शिशाचा तुकडा, संपलं. मग नोकरीत असताना फायबरचे रॉड झाले, ग्रॅफाइटचेही दोन घेतले, चांगलेच आहेत, मी काही त्यांना नावं ठेवत नाही. पण काळुंदर मासा बांबूवर लागला की त्याची ती टक टक थेट मनगटात येते, त्याची मजा वेगळीच म्हणून पंधराएक वर्षांपूर्वी परत बांबूकडे आलो. इथे सांगतोय ती काठी नऊ ते दहा फुटांची, दोन तुकड्यांची, रीळ लावायची. शेंगटी, काळुंदर, बेताची तांबोशी, गोब्रा यांच्यासाठी पुरते. पाच-सहा किलोचा जिताडा काढायचा असेल तर दुकानातला रॉड घ्या, उगाच बांबूला दोष देऊ नका.

आधी बांबू कुठला ते. कळक नको. काटेरी असतो, आतून पोकळ असतो, वजनाला जास्त आणि वाकला की चपटा होऊन चिरतो. आपल्याला भरीव पाहिजे. आमच्या सिंधुदुर्गात माणगा मुबलक, शास्त्रीय नाव डेंड्रोकॅलॅमस स्टॉक्सी, काटे नाहीत, बुडाकडे जवळपास पूर्ण भरीव, पेरं सरळ, परड्याच्या कडेला लोक मुद्दाम लावतात. घाटावर आणि विदर्भात जो भरीव बांबू मिळतो, लाठीचा, डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस, तोही उत्तम, जरा जास्त कडक. नावावर मात्र जाऊ नका, कारण मेस म्हणा चिवार म्हणा माणगा म्हणा, तालुका बदलला की नाव दुसऱ्याच बांबूला चिकटलेलं असतं. कापून बघा, मधलं भोक पेन्सिल जाईल एवढं किंवा त्याहून बारीक असेल तर घ्या, अंगठा जात असेल तर मंडपवाल्याला द्या.

एक मजेशीर गोष्ट सांगतो. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात जे सहा पट्ट्या चिकटवलेले बांबूचे रॉड बनायला लागले ते सुरुवातीला कलकत्त्याहून गेलेल्या बांबूचे होते, त्याला ते लोक कलकत्ता केनच म्हणायचे, तो हाच आपला भरीव बांबू. पुढे चीनमधल्या ग्वांगडोंगचा टोंकिन बांबू आला आणि आपला मागे पडला. म्हणजे आपल्या बेटात काय उभं आहे याची कल्पना करा, आणि आपण त्याचे दांडके कुंपणाला ठोकतोय!

तोडायचा कधी? डिसेंबर-जानेवारी. मार्गशीर्ष-पौषात. पावसाळ्यात अजिबात नाही, एकतर तेव्हा नवे कोंब जुन्या बांबूंच्या जिवावर वाढत असतात, बेटाचं नुकसान, आणि दुसरं म्हणजे तेव्हाच्या बांबूत पाणी भरपूर असतं. थंडीत पाणीही कमी आणि पिठूळ अंशही कमी, भुंग्याला खायला कमी. जुने लोक अमावस्येच्या आसपास तोडा म्हणतात, मीही तसंच करतो, आज्याने सांगितलं म्हणून, त्याने खरंच काय फरक पडतो ते विचारू नका.

वय तीन वर्षं पाहिजे. बांबूची गंमत अशी की त्याला जेवढं उंच आणि जाड व्हायचंय तेवढा तो एका पावसाळ्यातच होतो, पुढची दोन-तीन वर्षं तो फक्त आतून पिकतो. त्यामुळे उंची बघून वय कळत नाही. पहिल्या वर्षाचा बांबू चकचकीत हिरवा, पेरांवर पांढरी पूड, गाठींना कोंबाचे पापुद्रे चिकटलेले. तीन वर्षांचा मळकट दिसतो, त्याच्यावर दगडफुलासारखे पांढरट डाग आलेले असतात, कोयत्याच्या मागच्या बाजूने ठोकला की खणखणीत वाजतो. कोवळा बद्द वाजतो. आणखी एक, कोवळे बांबू बेटाच्या बाहेरच्या अंगाला असतात आणि जुने आत. तोडायला सोपे म्हणून सगळे बाहेरचेच तोडतात आणि तिथेच चुकतात. आतला ओढून काढताना अर्धा दिवस जातो, अंग खरवडून निघतं, पण तोच घ्या. लहानपणी मी एकदा असाच बाहेरचा सोपा बांबू घेऊन आलो तर आजा नुसता बघून म्हणाला, "अरे हिरवो आसा तो अजून, ठेव परत", आता परत कसा ठेवणार!

फुलोरा आलेल्या बेटातला बांबू घेऊ नका, फुलला की तो मरणीलाच लागलेला असतो आणि ठिसूळ होतो. तोडताना जमिनीपासून पहिल्या-दुसऱ्या गाठीच्या लगेच वर तोडा, मध्येच पेरावर तोडलात तर खाली वाटी राहते, पाणी साचतं आणि बेट कुजतं. परड्यातला असेल तर परवान्याची भानगड नाही, २०१७ मध्ये वन कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून काढलाय. जंगलातल्या बेटाला मात्र हात लावायचा नाही. आणि तोडायचेच तर चार-पाच तोडा, एक नको. त्यातला एक चिरणार, एक वाकडा निघणार, एक करताना तुम्हीच बिघडवणार.

आता माझा पराक्रम. परत बांबूकडे आलो त्या पहिल्या वर्षी गणपतीला गावी होतो, सुट्टी होती, उत्साह होता, भाद्रपदातच दोन छान सरळ माणगे तोडले, पंधरा दिवस उन्हात टाकले आणि दिवाळीपर्यंत काठी तयार. वार्निश वगैरे एकदम झकास. शिमग्याला गावी आलो तर काठीखाली पिवळसर पिठाची रांगोळी, आणि काठीला टाचणीएवढी भोकं. भुंग्याने आतून पीठ केलेलं. हातात घेऊन वाकवली तर खारी बिस्किटासारखी तुटली. तेव्हापासून मी खालचे दोन टप्पे कधीच गाळत नाही.

पहिला टप्पा, तोडलेला बांबू लगेच साफ करायचा नाही. पानं-फांद्यांसकट तिथेच बेटाला टेकवून उभा ठेवायचा, बुडाखाली एक दगड, दहा-पंधरा दिवस. पानं जिवंत असतात तोवर ती आतलं पाणी आणि साखर ओढत राहतात. पानं पिवळी पडून गळायला लागली की खाली घ्या. मग फांद्या खालून वर अशा छाटायच्या, वरून खाली कोयता मारलात तर फांदी सालीचा पट्टा घेऊन निघते आणि ती साल म्हणजेच आपल्या काठीची सगळी ताकद. हे डोक्यात पक्कं ठेवा, बांबूचे चिवट धागे बाहेरच्या अंगाला दाट असतात आणि आत जाल तसे विरळ. सालीवर जेवढे ओरखडे कमी तेवढी काठी चांगली.

मग व्हाळात, म्हणजे ओढ्यात, भिजवणं. वाहतं पाणी असेल तर दोन-तीन आठवडे दगडाखाली दाबून ठेवा. साचलेलं पाणी असेल तर वास सुटतो, भयंकर सुटतो, शेजारी बोलतील. पाण्याने आतला पिठूळ अंश बराचसा धुऊन जातो. आमच्याकडे घराच्या वाशांचे बांबू असेच खाडीत पुरून ठेवायचे, ते काय उगीच नाही.

दुसरा टप्पा बोरॅक्सचा. हा आज्याच्या वेळी नव्हता, तेव्हा चुलीवरच्या माळ्याचा धूर होता आणि तो खरंच काम करायचा, आता चूल नाही तर हे करायचं. बोरिक ॲसिड आणि बोरॅक्स, दोन्ही केमिकलच्या दुकानात मिळतात, बोरिक दोन भाग तर बोरॅक्स तीन भाग. दहा लिटर पाण्याला २०० ग्रॅम बोरिक आणि ३०० ग्रॅम बोरॅक्स म्हणजे पाच टक्क्यांचं पाणी झालं. कोमट पाण्यात विरघळवा, थंड पाण्यात खाली बसून राहतं. आता दहा फुटाचा बांबू भिजवायचा कशात हा प्रश्न, तर चार इंची पीव्हीसी पाइप घ्या दहा फुटाचा, एका टोकाला टोपण सोल्युशनने चिकटवा, माडाला उभा बांधा, बांबू आत सोडा आणि वरून ओता, वीसेक लिटरमध्ये भागतं. दहा दिवस ठेवा. शेंड्याकडचा भाग वर राहिला तर पाच दिवसांनी उलटा करा. हातमोजे घाला, पोरांना आणि कोंबड्यांना लांब ठेवा, आणि उरलेलं पाणी विहिरीजवळ किंवा व्हाळात ओतू नका, मी ते पुढच्या बांबूंसाठी झाकून ठेवतो.

मग वाळवणं. सावलीत. परत सांगतो, सावलीत. उन्हात टाकला की बाहेरून पटकन आकसतो, आतून ओला राहतो आणि रात्री झोपेत असताना फट्ट असा आवाज येतो, सकाळी बघाल तर बुडापासून मधोमध चीर. मी पडवीत आडव्या खुंट्यांवर ठेवतो, दर दीड फुटाला आधार, आणि आठवड्यातून एकदा सगळे फिरवून ठेवतो. वेळ असेल तर शेंडा वर बांधून बुडाला दोन किलोचा दगड लटकवा, वाळता वाळताच बराच सरळ होतो. जानेवारीच्या शेवटी ठेवलेला एप्रिलच्या मध्याला तयार होतो, अडीच महिने. हिरवा रंग जाऊन गवताच्या काडीचा रंग येतो आणि वजन एवढं कमी होतं की उचलल्यावर तुम्हालाच आश्चर्य वाटेल. वजनकाटा असेल तर दर आठवड्याला वजन लिहून ठेवा, लागोपाठ दोन आठवडे तेच आलं की झालं वाळून.

आता खरी मजा, सरळ करणं. या कामात माझा जीव रमतो, बायको म्हणते हा माणूस मे महिन्याच्या उकाड्यात शेगडीजवळ बसतो आणि वर पंखा बंद करायला सांगतो. पंखा खरंच बंद पाहिजे, ज्वाला हलता कामा नये. कोळशाची शेगडी, छोटा गॅस किंवा हीट गन, काहीही चालेल. सोबत पाहिजे एक जाड सुती हातमोजा, एक कोरडं फडकं, एक ओलं फडकं, आणि एक खाच पाडलेलं लाकूड. हे लाकूड म्हणजे फणसाचा किंवा ऐनाचा वीतभर-दीड वीत लांब ठोकळा, त्यात तिरकी खाच, बांबू तिच्यात अडकेल एवढी, आणि तरफेसारखा वापरायचा. जपानमध्ये हाशिमोतो म्हणून शहर आहे वाकायामाकडे, तिथे आजही बांबूचे रॉड हाताने करणारे कारागीर आहेत, त्यांच्याकडेही असंच लाकूड असतं, त्याला तामेगी म्हणतात. मी ते बघून केलं आणि पहिल्याच दिवशी कळलं की इतकी वर्षं गुडघ्यावर बांबू वाकवून आपण नुसते गुडघे खराब केले.

आधी एक डोळा मिटून बांबू बंदुकीसारखा धरून बघा, कुठे वाक आहे तिथे पेन्सिलने खूण करा. आधी पेरांमधले वाक काढायचे, गाठींवरचे नंतर, कारण गाठीवरचा बराचसा वाक हा शेजारच्या पेरामुळे दिसत असतो. ज्वालेच्या चार-पाच इंच वर धरून सतत फिरवत राहा, एका जागी थांबलात की काळा डाग. थोड्या वेळाने अंगावर तेलकट घाम येतो, तो कोरड्या फडक्याने पुसून सगळ्या अंगाला चोळायचा, फुकटचं पॉलिश आहे ते, काय चमक येते! मग एक क्षण असा येतो की बांबू हातात सैल पडतो, आतापर्यंत उलट ढकलत होता तो अचानक ऐकायला लागतो. तेव्हाच खाचेत अडकवून हळू वाकवा, सरळपेक्षा जरासा पलीकडे, कारण सोडल्यावर थोडा परत येतो. तसाच धरून मनात साठ मोजा आणि ओलं फडकं फिरवा. सैल पडायच्या आधी जोर लावलात तर मोडेल, आणि फार तापवलात, काळपट झाला, तर ती जागा कायमची कच्ची. तपकिरी डाग चालतात, मला तर आवडतात.

एक धोका सांगतो. भरीव माणग्याला सहसा त्रास नाही, पण वरच्या पेरांत थोडी पोकळी असते, आणि तुम्ही पोकळ बांबू वापरत असाल तर प्रत्येक पेर म्हणजे बंद डबा. तापला की आतली हवा फुगते आणि लवंगी फटाक्यासारखा फुटतो, चेहऱ्याजवळ असतो हे लक्षात घ्या. त्यामुळे पोकळ पेराला बारीक ड्रिलने एकेक भोक पाडून घ्या, नंतर दोऱ्याच्या गुंडाळीखाली झाकलं जाईल असं.

सगळा बांबू एका दिवसात करू नका. एकदा सरळ करून आठवडाभर ठेवा, तो थोडा परत वाकतो, मग दुसऱ्यांदा करा. दुसऱ्यांदा केलेला टिकतो. गाठींचे कंगोरे बारीक कानशीने फक्त बोट अडकणार नाही इतपत घासा, सपाट करायला जाऊ नका, गाठ सपाट केली म्हणजे तिथले धागे कापले.

आता कापायचं कुठून. माणगा पंचवीस-तीस फूट असतो, त्यातला काठीला उपयोगी वरचा भाग. मी असा दहा फुटाचा तुकडा शोधतो की ज्याचं बूड साधारण २० मिलिमीटर आणि शेंडा ४-५ मिलिमीटर. बूड टेबलाच्या कडेला घट्ट बांधा आणि शेंड्याला पाव किलोचं वजन टांगा, मग लांब उभं राहून बाक बघा. शेंड्याकडचा तिसरा हिस्सा जास्त, मधला थोडा आणि बूड जवळपास नाही असा सलग उतरता बाक पाहिजे. मध्येच एखादी जागा सपाट किंवा कोपरा दिसला तर तिथे बांबू जाड किंवा कच्चा आहे. फारच लिबलिबीत वाटला तर शेंडा दोन-दोन इंच कापत चला आणि प्रत्येक वेळी परत वजन टांगून बघा. एकदम अर्धा फूट कापू नका, मी कापलाय, ती काठी आता पेरू पाडायला वापरतो.

दहा फुटी एकसंध काठी एसटीत नेता येत नाही म्हणून दोन तुकडे, आणि दोन तुकडे म्हणजे जोड. पितळी नळी घ्यायची, हार्डवेअरमध्ये किंवा भंगारात मिळते, आतला व्यास तुमच्या बांबूच्या मधल्या जाडीएवढा, समजा १२ मिलिमीटर. लांबी किती, तर प्रत्येक बाजूला व्यासाच्या पाचपट आत गेलं पाहिजे, म्हणजे ६० अधिक ६०, १२० मिलिमीटरची नळी. अर्धी नळी खालच्या तुकड्याच्या वरच्या टोकावर अरलडाइटने कायमची बसवा, वरचा तुकडा उरलेल्या अर्ध्यात सरकवायचा. बांबूप्रमाणे नळी शोधा, नळीप्रमाणे बांबू तासू नका, कारण तासला की परत तेच, बाहेरचे धागे जातात आणि काठी बरोब्बर जोडाशी मोडते. कागदाएवढं घासलंत तर ठीक. जुन्या रेडिओच्या एरियलच्या नळ्या एकात एक छान बसतात, बारीक काठीला मी त्याही वापरल्यात.

जोडात आणखी एक गोम आहे जी पहिल्या पावसात कळते. वरच्या तुकड्याचं जे टोक नळीत जातं ते उघडं लाकूड, ते दमट हवेत फुगतं आणि नळीत असं अडकतं की दोघांनी दोन बाजूंनी ओढली तरी निघत नाही. म्हणून त्या टोकाला आधी पातळ एपॉक्सीचा हात द्या, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने घासा आणि वापरताना मेणबत्ती फिरवा. नळीच्या दोन्ही तोंडांशी बांबूवर इंचभर दोरा गच्च गुंडाळा, चीर पडायची तर तिथूनच सुरू होते.

कोणी म्हणेल की मग ते सहा पट्ट्यांचं करत का नाही. एकदा केलं. बांबू चिरून सहा पट्ट्या, प्रत्येक पट्टी साठ अंशाची त्रिकोणी रंधायची, शेंड्याकडे निमुळती करत न्यायची, मग सहाही दोऱ्याने आवळून चिकटवायच्या. त्याला लोखंडी साचा लागतो, धारदार छोटा रंधा लागतो आणि केसाएवढ्या फरकाचा हिशोब ठेवायची वृत्ती लागते. माझ्या पट्ट्या जुळल्याच नाहीत, मध्ये फटी, काठी पिळलेली. ज्यांना सुतारकामात गती आहे त्यांनी जरूर करावं, मी माझ्या अख्ख्या बांबूवर खूश आहे.

मुठीला जास्त काही नाही, बुडाला फूट-दीड फूट सुती दोरी गच्च गुंडाळून तिच्यावर वार्निश. काथ्याही चालतो पण ओल्या हाताला टोचतो. रीळ बसवायला दोन होज क्लॅम्प, गॅरेजमध्ये मिळतात तेच, स्टीलचे, खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा. दिसायला गावठी, पण हलत नाही.

रिंगा (तंगूस ओवायच्या कड्या) लावायच्या आधी काठीची बाजू ओळखायची. वरचा तुकडा टेबलावर तिरका टेकवून मध्ये बोटाने दाबून वाकवा आणि तसाच गोल फिरवा, एका जागी तो आपोआप टुणकन जाऊन बसेल. तो त्याचा नैसर्गिक बाक. त्या बाकाच्या आतल्या अंगाला रिंगा येतील असं धरा, म्हणजे मासा ओढतो तेव्हा काठी हातात पिळत नाही. दहा फुटाला सात रिंगा आणि एक शेंड्याची. शेंड्यापासून पहिली चार इंचांवर, मग पाच, मग साडेसहा असं अंतर वाढवत खाली या, सगळ्यात खालची मोठी रिंग रिळापासून दोन-सव्वादोन फुटांवर. खारं पाणी असेल तर स्टेनलेसच्याच घ्या.

रिंगा काठीवर दोरा गुंडाळून बसवायच्या, त्याला शिलाईचा पॉलिस्टर दोरा चालतो. रिंगेचा पाय आधी कानशीने पातळ करा, नाहीतर दोरा पायरी चढताना फट सोडतो. सुरुवात दोऱ्याच्याच शेपटीवरून पाच-सहा वेढे देऊन, म्हणजे गाठ लागत नाही. शेवटचे सात-आठ वेढे राहिले की तंगूसाचा एक फास वेढ्यांखाली ठेवा, गुंडाळून झालं की दोऱ्याचं टोक फासात घाला आणि फास ओढा, टोक आपोआप वेढ्यांखाली जाऊन बसतं. पहिल्या रिंगेला तुम्हाला एक तास लागेल आणि शिव्या सुचतील, सातवीपर्यंत दहा मिनिटांवर याल.

वार्निश मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात उरका. वळवाची हवा सुरू झाली की वार्निश वाळत नाही, चिकट राहतं, दुधी होतं, त्यावर चिलटं बसून मरतात. तीन पातळ हात, दोन हातांमध्ये दोन दिवस, मध्ये अगदी बारीक पेपर. ब्रशपेक्षा जुन्या बनियनचा बोळा बरा. ज्यांना वार्निशची कटकट नको त्यांनी उकळलेलं जवसाचं तेल चोळावं, पाच-सहा वेळा, दर वेळी पुसून कोरडं करून. पण तेलाने माखलेलं ते फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप तापून पेटू शकतं, दोरीवर पसरून वाळवा. आणि खोबरेल नको, घरात आहे म्हणून लोक तेच लावतात, खोबरेल वाळत नाही, धूळ धरतं आणि पावसात बुरशी येते.

पोरांसाठी बिनरिळाची काठी करत असाल तर जोड, रिंगा, क्लॅम्प काही नको, नुसता सरळ केलेला सात-आठ फुटी शेंडा बास. फक्त तंगूस शेंड्याला गाठ मारून सोडू नका. आधी काठीच्या मध्यावर बांधा, मग वेढे देत शेंड्यापर्यंत न्या आणि तिथे परत अडकवा. शेंडा मोडला तरी मासा तंगूसासकट हातात राहतो, आणि पोराचा चेहरा पडत नाही.

गरवून आल्यावर काठी गोड्या पाण्याने धुवा, पुसा, दोन्ही तुकडे वेगळे करा आणि खुंटीला टांगा. भिंतीला तिरकी टेकवून ठेवायची नाही, महिन्याभरात धनुष्य होतं. झालंच तर घाबरू नका, परत शेगडी पेटवायची आणि त्या जागेवर वार्निश परत द्यायचं. आणि जोड अडकला तर पक्कड लावू नका, नळी चेपते. घरात कोरड्या जागी दोन दिवस ठेवा, मग खाली बसून काठी गुडघ्यांच्या मागे आडवी धरा, गुडघ्यांच्या बाहेरून दोन्ही हातांनी पकडा आणि हात न हलवता नुसते गुडघे बाहेर फाकवा. येते सुटून.